खूण लिहावी, शब्द लिहू नये

"तोंड फिरव तिकडं," देवचंद म्हणाले.

"आबा, लॅपटॉप माझा आहे."

"मी बत्तीस वर्षं स्टेशन मास्तर होतो. गाडी सोडायचा प्रायव्हेट नंबर बायकोलाही दाखवला नाही. फिरव."

संघमित्राने जळगावच्या घरातल्या कॅलेंडरकडे तोंड केलं. फैजपूरच्या पुखराजशेठसाठी तिने एक ॲप बनवलं होतं. रोज बाराला केळीचा भाव चारशे बागायतदारांच्या मोबाइलवर जाई आणि त्यावर दुसऱ्या दिवशीची कापणी ठरे. ॲपचे सगळे पासवर्ड आणि डिजिटल किल्ल्या एका छोट्या फाइलीत होत्या. ती फाइल बाकीच्या कोडबरोबर कुणाला द्यायची नसते. म्हणून कोड लिहायच्या एडिटरमधलं एक बटण तिला कुलूप लावून क्लाउडवर ठेवी. कुलपाचा शब्द संघमित्रा दोनदा विसरली होती. आबांची स्मरणशक्ती मात्र भुसावळ डिव्हिजनमध्ये प्रसिद्ध होती.

म्हणून या वेळी नवा शब्द आबाच ठरवून एका बोटाने मराठीत टाइप करत होते. "चोर इंग्रजीत शोधतील," ते म्हणाले. "आणि याची एक प्रत दुसरीकडं ठेव."

"क्लाउड म्हणजे दुसरीकडंच, आबा."

"नवीन माणूस घेशील, तेव्हा कामाचा चार्ज देताना शेजारी उभी राहा. फोनवर चार्ज देऊ नको."

"रेल्वे वेगळी, हे वेगळं."

"एकदा तरी म्हण, 'आबा, तुमचं बरोबर होतं.'"

"फाइल हरवली की म्हणेन."

आबा हसले आणि त्यांनी दुसरा चहा मागितला. स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नी कलाबाईंनी नाही म्हणून सांगितलं. तो मंगळवार होता. बुधवारी पहाटे आबा झोपेतच गेले.

दीड महिन्याने, आबांच्या जलदानविधीला आलेले पाहुणे परतून आणि घरातल्या उसन्या खुर्च्या परत जाऊन बरेच दिवस झाल्यावर, संघमित्राने धुळ्याचा हितेंद्र कामाला घेतला. सकाळी दहाला तिने त्याला फोनवर चार्ज दिला.

"एडिटरमध्ये ढगाचं चित्र दिसतंय? त्यावरचं बटण दाब."

"दोन आहेत, ताई."

"बाण असलेलं."

"दोन्हीला बाण आहेत, ताई."

"दाब रे, एवढं काय?"

हितेंद्रने दाबलं. एक बटण फाइल आणायचं होतं, दुसरं पाठवायचं. त्याच्याकडे होती ती नमुन्याची फाइल, जिच्यात प्रत्येक ओळीपुढे 'इथे पासवर्ड लिहा' एवढंच लिहिलेलं असतं. ती बिनकुलपाचीच क्लाउडवर गेली. तिथून संघमित्राच्या एडिटरने ती आज्ञाधारकपणे उतरवून घेतली, खऱ्या फाइलीवर ठेवली आणि ॲपलाही दिली. ॲपने पासवर्डच्या जागी 'इथे पासवर्ड लिहा' असं सांगून पाहिलं आणि ते बंद पडलं.

साडेदहाला पुखराजशेठचा फोन आला. "बेटा, ॲप मेलं काय? बाराला भाव गेला नाही तर उद्या लोक कापणी करणार नाहीत. केळं आपल्यासाठी थांबतं का? मग मला पुण्याच्या कंपनीला बोलवावं लागेल हां."

नव्या किल्ल्या मागवायच्या तर आठ दिवस लागणार होते. खऱ्या फाइलीची जुनी प्रत क्लाउडवर शाबूत होती, पण ती कुलपाचा शब्द मागत होती. पाच वेळा चुकलं की दिवसभर बंद.

"काय जायं व माय?" कलाबाई पीठ भरल्या हातांनी बाहेर आल्या. त्यांचं माहेर सोनगीरचं. घाई असली की बोलणंही तिकडचंच येई.

"आबांनी पासवर्ड कुठे लिहून ठेवला असेल?"

कलाबाईंनी कपाट उघडलं. पेन्शनच्या कागदांखाली लाखेची मोहोर मारलेला लिफाफा निघाला. वर लिहिलं होतं, 'संघमित्राची फाइल. अडचणीतच उघडणे.' संघमित्राने तो फोडला. आतल्या चिठ्ठीवर आबांचं टपोरं अक्षर होतं.

'शब्द लिहून ठेवणे नियमात बसत नाही. खूण देत आहे : जे संघमित्रा मला एकदाही म्हणाली नाही.'

"बठ्ठं आयुष्य असंच काढलं माझ्यासंगे," कलाबाई म्हणाल्या.

संघमित्राने 'माफ करा' टाइप केलं. चूक.

"ते तर तू म्हणालेली," कलाबाई म्हणाल्या. "त्यांचा रेडिओ पाडला तेव्हा."

'आभारी आहे.' चूक.

फोनवर असलेला हितेंद्र चाचरत म्हणाला, "ताई, 'आय लव्ह यू' असेल का?"

"आबा? एका बोटानं?"

"मराठीत करून बघा."

चूक. चौथ्या वेळी कलाबाईंनी 'जेवून घ्या' सुचवलं, कारण जेवायची हाक नेहमी त्याच मारत. तेही चूक निघालं. अकरा चाळीस झाले होते.

एकच संधी उरली. संघमित्राने हात मांडीवर ठेवले. पडद्यावर ओळीने लिहिलं होतं, इथे पासवर्ड लिहा. दुसरीकडं प्रत ठेवली नव्हती. नव्या माणसाला फोनवर चार्ज दिला होता. ती कॅलेंडरकडे बघत राहिली. त्यावर अजून आबा गेले तोच महिना होता. पान कुणी उलटलं नव्हतं.

मग तिने सावकाश, एका बोटाने टाइप केलं. फाइल उघडली.

अकरा अठ्ठावन्नला भाव गेला. पुखराजशेठने अंगठ्याचं चित्र पाठवलं.

"काय होतं व?" कलाबाईंनी विचारलं.

"काही नाही," संघमित्रा म्हणाली.

फोन अजून चालू होता. "ताई, माझ्याकडं पण तोच शब्द मागतंय," हितेंद्र म्हणाला. "मेसेज करता का?"

"लिहून देणं नियमात बसत नाही."

"मग सांगा."

संघमित्राने फोन तोंडाजवळ धरला. ती काहीतरी पुटपुटली.

"हॅलो? ताई, ऐकू नाही आलं. मोठ्यानं बोला जरा."

कलाबाई स्वयंपाकघराकडे जाता जाता थांबल्या. संघमित्राने फोन टेबलावर ठेवला आणि खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे वळून ती मोठ्याने म्हणाली,

"आबा, तुमचं बरोबर होतं."