फणसाखाली गळणारं घर

आमच्या दगडूकाकांच्या घरात छप्पर गळत नाही. ते गळतं अंगणापलीकडच्या फणसाखाली.

मी कोड्यात बोलत नाही. काकांचा नियमच तसा आहे. घराबद्दल वाईट काही घरात बोलायचं नाही, कारण वास्तू ऐकत असते आणि ऐकलेल्या प्रत्येक गोष्टीला 'तथास्तु' म्हणते. हे आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकलेलं असतं. तोंडून काही वेडंवाकडं निघालं की आई डोळे वटारायची, 'शुभ बोल रे.' आपण मोठे झालो आणि विसरलो. काकांनी मात्र ते फारच मनावर घेतलं. छप्पर गळतं एवढं सांगायचं असलं तरी ते माणसाला हाताला धरून ओटीवरून उतरवतात, अंगण ओलांडून फणसाखाली नेतात आणि मग कानात सांगतात. पावसाळा असेल तर छत्री धरून.

फणसापर्यंत जायला वेळ नसेल तर काकांची वेगळी भाषा आहे. बांगडी फुटली असं आपल्याकडे म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. काकांनी ही सवलत सगळ्या संसाराला लागू केली. त्यांची चप्पल तुटत नाही, वाढते. कपबशा वाढतात. एकदा ते तापाने फणफणले असताना मी विचारलं, "काका, बरं नाही का?" तर म्हणाले, "बरा हाय. अंग जरा जास्तच बरं झालंय."

घरही त्यांच्यासारखंच. काकांनी उमेदीची वर्षं मुंबईत जुन्या चाळी पाडण्याच्या कामावर काढली. पाडलेल्या प्रत्येक चाळीतून त्यांनी एकेक दरवाजा मागून घेतला आणि कापडे गावाजवळच्या आमच्या वाडीत त्या दरवाजांना भिंती जोडून घर उभं केलं. रंग निराळे, उंच्या निराळ्या, आणि प्रत्येकावर खोलीचा जुना नंबर तसाच. स्वयंपाकघर म्हणजे बावीस नंबर, देवघर म्हणजे सात. न्हाणीला तर 'कार्यालय' लिहिलेला दरवाजा आहे. काकांची बायको पारूकाकी ओटीवर हाक मारायची, "अवो, बाविसात चहा निवतोय."

पारूकाकी दोन वर्षांपूर्वी महाडच्या दवाखान्यात गेली. खांदा द्यायला मी होतो. त्यानंतर काका एकदा अंगणात घसरून पडले आणि कल्याणच्या मुलाने हट्टच धरला, पावसाच्या आत माझ्याकडे या. काकांनी मान्य केलं, पण घर बंद ठेवायला तयार होईनात. आमच्याकडच्या पावसात बंद घर म्हणजे वाळवीला जेवणाचं आमंत्रण. घरात रोज दिवा लावणारं, भांडणारं, चहा उतू घालणारं कोणीतरी हवं. मुलगा येऊन राहणार नव्हता. म्हणजे घर विकायचं, आणि राहणाऱ्यालाच विकायचं.

इथे मी शिरलो. मी पोलादपूरच्या शाळेत विज्ञान शिकवतो. आयुष्यात मी एकच वस्तू विकली आहे, माझी स्कूटर, आणि ती ज्याला विकली तो मेव्हणा अजून माझ्याशी बोलत नाही. पण सुट्टीत मी मोबाईलवर घर कसं सजवावं, गिऱ्हाईक कसं भुलवावं याचे भरपूर व्हिडिओ पाहिले होते. मी काकांना म्हणालो, "हे घर विकायची जबाबदारी माझी."

काकांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. वास्तूसमोर विकायची गोष्ट काढली होती मी! मग आढ्याकडे बघत मोठ्याने म्हणाले, "नवी मानसं राहायला येनार हाईत, असं म्हनतायत मास्तर."

मी कामाला लागलो. ओटीवर कुंड्या आणल्या. खिडक्यांना झिरझिरीत पडदे लावले, आणि ते पहिल्याच वाऱ्यात चुलीकडे गेले. घरभर लव्हेंडरच्या वासाचा फवारा मारला. प्रत्येक वेळी काका मान डोलवत म्हणायचे, "झकास हाय, मास्तर." मला इतकी शाबासकी माझ्या मुख्याध्यापकांनी कधी दिलेली नाही. पंधरवडाभर मी हवेत होतो. मग एकदा काकांनी मला फणसाखाली नेलं.

"मास्तर, तो वास बंद करा. देवघरात बसलो तरी मॉलच्या मुतारीत बसल्यागत वाटतं."

"पण तुम्ही तर झकास म्हणालात!"

"घरात आनि काय म्हननार?"

त्या दिवशी मला कळलं की त्या घरात मिळालेलं माझं सगळं कौतुक बाद आहे.

गिऱ्हाइकं मात्र यायला लागली. ठाण्याचे एक गृहस्थ बायकोला घेऊन आले. दरवाज्यांचे फोटो काढून खूश झाले. काका म्हणाले, "मागची भिंत गेल्या पावसात वाढली, सायेब." साहेबांचा चेहरा फुलला. वाढीव जागा फुकट मिळतेय असं वाटून त्यांनी खिशातून टेप काढली आणि मागे गेले. मी त्यांच्यामागे धावलो. तिथे भिंत नव्हतीच, निळी ताडपत्री होती. गाडी वळवताना त्यांनी निरोपाला काचही खाली केली नाही.

काकांची आणखी एक सवय होती. घर बघायला आलेल्या बाया विचारायच्या, "काकू कुठे आहेत?" काका शांतपणे सांगायचे, "पाचाडला. भावाकडं गेली हाय." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चपापलो, मग माझ्यातला विक्रेता खूश झाला. एकटा म्हातारा दिसला की माणसं भाव पाडतात, घरात हल्लीच कोणी गेलं म्हटलं की बिचकतात. मी बाहेर येऊन काकांच्या पाठीवर थाप मारली. "वा काका, हे व्हिडिओतसुद्धा सांगत नाहीत!" काकांनी मान खाली घातली. मी तो विनय समजलो.

शेवटी मे महिन्यात एक जोडपं आलं. नवरा महाडच्या कारखान्यात, बायको पोलादपूरला नर्स. भाड्याच्या खोल्या बदलून कंटाळलेली माणसं. नर्सबाई सगळ्या दारांतून आत-बाहेर करून आल्या आणि म्हणाल्या, "मी बाविसातच बसणार." काकांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. मग बाईंनी विचारलं, काकू कुठे आहेत? काका म्हणाले, पाचाडला.

फणसाखाली काकांनी सगळं सरळ सांगितलं. छप्पर, भिंत, विहिरीचा आटणारा झरा. नर्सबाई हसून म्हणाल्या, "आमच्या भाड्याच्या घरात याहून जास्त आहे, काका. घेतलं आम्ही."

मला आता शिक्षकाची सचोटी आठवली. मी म्हणालो, "काका, व्यवहार ठरला. आता काकूंचंही खरं सांगा. ही फसवणूक बरी नाही."

काकांनी फणसाच्या खोडावरून हात फिरवला.

"पारू गेली बाई," ते नर्सबाईंना म्हणाले. "दोन वर्सं झाली. दवाखान्यात गेली, घरात नाय. घराला म्हाईत नाय त्ये. सकाळी निघाली तवा बोलली, येते गो बाय. घराला बोलली. आता मी घरात कसं सांगू, ती गेली म्हनून? घर तथास्तू म्हनालं तर? मंग खरंच व्हायाचं त्ये."

मला तिथल्या तिथे मातीत जावंसं वाटलं. दोन वर्षं हा माणूस एका बाईला एका शब्दाने जिवंत ठेवत होता, आणि मी त्याला विक्रीची युक्ती म्हणून शाबासकी दिली होती.

नर्सबाई अंगण ओलांडून घरात गेल्या. आम्हीही मागोमाग गेलो. बावीस नंबरच्या दाराला हात टेकून, पेशंटच्या नातेवाइकांशी बोलतात तशा स्वच्छ, मोठ्या आवाजात त्या म्हणाल्या, "काकू पाचाडहून आल्या की मी आधी त्यांना चहा देईन. आणि सांगेन, काका कल्याणला आहेत, तुमची वाट बघतायत."

काकांनी आढ्याकडे मान वर केली. आढं काही बोललं नाही. लाकूड बोलत नाही, हे मी पगार घेऊन शिकवतो. पण मला ती शांतता सोसेना. मीच हळूच पुटपुटलो, "तथास्तु."

काकांनी वळूनही पाहिलं नाही. फक्त म्हणाले, "जरा मोठ्यानं, मास्तर. पाचाडपर्यंत जायाला पायजे."