तांबड्या चौकटीतलं नाव

आमच्या गावच्या माध्यमिक शाळेत दर बुधवारी तिसऱ्या तासाला संस्कृती असते. इतर दिवशी नसते. संस्कृतीला पंच्याऐंशी टक्के हजेरी सक्तीची आहे. ती कमी भरली तर शाळेचा दाखला अडतो. आम्हा आदिवासींच्या मुलांना स्वतःच्या संस्कृतीची गोडी लागावी म्हणून शिक्षण खात्याने ही योजना आखली. योजना चव्वेचाळीस पानांची आहे आणि मुखपृष्ठावर समुद्री कासव आहे. समुद्र आमच्या वाळवंटापासून हजारावर किलोमीटर दूर. पण कासव छान काढलं होतं, म्हणून आम्ही कोणी काही बोललो नाही.

योजनेच्या एकोणिसाव्या पानावर 'समाजातील एक ज्येष्ठ व्यक्ती' असा उल्लेख आहे. ती मी. मला गळ्यात घालायला एक पट्टी दिली आहे. तिच्यावर 'पाहुणी' असं लिहिलंय. शाळा उभी आहे ती जमीन माझ्या आजोबांची. पण पट्टी न घालता आत गेलं तर घंटा वाजते.

मार्चमध्ये माझी थोरली बहीण गेली. नव्वदीची होती. आदल्या दिवशी पत्त्यांत मला लबाडीने हरवलं आणि मग निवांत गेली. आमच्यात माणूस गेलं की सगळं गोत एकत्र येऊन बसतं, निदान पाच-सहा आठवडे. आणि गेलेल्याचं नाव वर्ष-दोन वर्षं कोणी तोंडावाटे काढत नाही, लिहीतही नाही. त्याच नावाचं जिवंत माणूस असेल तर त्यालाही नावाने हाक मारायची नाही, 'कुमंजाई' म्हणायचं. गेलेल्यालाही कुमंजाईच.

बहिणीची नात रोशेल सोळा वर्षांची. तिला दवाखान्यात परिचारिकेचं काम शिकायचं होतं. जागा राखून ठेवली होती, फक्त दाखला हवा होता. सहा आठवडे गोतात बसून ती परतली, तर घरी पत्र आलेलं: 'आपली पाल्य सलग सहा तास संस्कृतीला गैरहजर होती. तिला स्वतःच्या संस्कृतीविषयी आस्था कमी असल्याचे दिसते.' सोबत रंगवायला एक कागदी बूमरँग जोडलं होतं.

"आजी, मी कुठे होते ते तुला माहितीये ना?"

"माहितीये. संस्कृतीत होतीस. पण बुधवारी तिसऱ्या तासाला नव्हतीस."

"हसू नकोस गं! जागा जाईल माझी."

म्हणून आम्ही दोघी मुख्याध्यापिकांकडे गेलो. त्या यंदाच दक्षिणेकडून बदलून आलेल्या, फार उत्साही. योगायोग असा, की त्यांचं आणि माझ्या बहिणीचं नाव एकच. रोशेलने रीतीप्रमाणे सुरुवात केली, "कुमंजाई बाई, माझी हजेरी..."

"काय म्हणालीस?" बाईंचे डोळे भरून आले. "मला तुम्ही नाव दिलंत? मला?"

"बाई, त्याचा अर्थ असा की..." मी म्हणाले.

"अर्थ नको, मावशी! मला तो अनुभवायचाय."

दुपारपर्यंत दारावर नवी पाटी लागली. संध्याकाळपर्यंत खात्याच्या नोंदीतही बाई कुमंजाई झाल्या. हजेरीचं तेवढं राहून गेलं. त्यासाठी कचेरीत अर्ज करा म्हणाल्या.

कचेरीत ग्लेनिस बसते. मनाने चांगली आहे, पण कॉम्प्युटरपुढे तिचं काही चालत नाही. अर्जात रजेचं सांस्कृतिक कारण निवडायचं होतं: नृत्य, चित्रकला, खाद्यमहोत्सव, इतर. आम्ही 'इतर' निवडलं. लगेच एक तांबडी चौकट आली: 'मृताचे नाव. भरणे अनिवार्य.'

"सांगा मावशी, नाव."

"घेता येत नाही गं."

"मग हळूच कानात सांगा."

"कानातही नाही."

"पहिलं अक्षर तरी? बाकीचं मी ओळखते."

"ग्लेनिस, हे कोडं नाहीये."

"अहो, पण कोण गेलं ते कॉम्प्युटरला कळणार कसं?"

"त्याला कशाला कळायला हवं? त्याला का सुतक आहे?"

ग्लेनिसने डोकं खाजवलं. "तुम्ही त्यांना आता काय म्हणता?"

"कुमंजाई."

तिने ते लिहिलं. चौकट हिरवी झाली. रोशेलची सहा आठवड्यांची रजा तिथल्या तिथे मंजूर झाली, हजेरी पूर्ण भरली, दाखला छापून हातात आला. खात्याचं काम इतक्या झपाट्याने होताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेचं निशाण अर्ध्यावर होतं. खात्याच्या नोंदीत कुमंजाई एकच होती, आणि ती वारली होती. दाराशी पुष्पचक्र आलं होतं. सोबत शोकसंदेश होता: 'त्यांचा संस्कृतीविषयीचा जिव्हाळा सदैव स्मरणात राहील.' बाई फाटकापाशी उभ्या होत्या. त्यांच्या कार्डाने दार उघडेना. शेवटी ग्लेनिसने त्यांना 'पाहुणी' लिहिलेली एक पट्टी दिली.

बाईंनी खात्याला फोन लावला. पण मयत व्यक्तीची तक्रार घेता येत नव्हती. समाजातील एका ज्येष्ठ व्यक्तीने खात्री द्यायला हवी होती. बाईंनी फोन माझ्या हातात दिला.

"त्या जिवंत आहेत," मी म्हणाले. "समोरच उभ्या आहेत. घाम आलाय त्यांना."

"नाव सांगा."

"ते मी घेत नाही."

"का?"

"त्या नावाचं माणूस वारलं म्हणून."

"धन्यवाद," पलीकडचा म्हणाला. "आमच्याकडेही तीच नोंद आहे."

बाईंनी फोन माझ्याकडून घेऊन बंद केला. मग म्हणाल्या, "मावशी, तो अर्थ सांगत होतात ना त्या दिवशी?"

आता त्यांना कामही नव्हतं आणि बैठकाही नव्हत्या. कोरड्या नदीच्या पात्रात आमचं गोत अजून बसलं होतं, तिथे मी त्यांना घेऊन गेले. वाळूत बसून त्यांनी निखाऱ्यांवर भाजलेलं कांगारूचं शेपूट खाल्लं, पत्त्यांत माझ्या भावजयीकडून चार डाव हरल्या आणि दोन आठवडे कोणाला काही शिकवलं नाही. माझ्या बहिणीच्या गोष्टी निघाल्या, त्या पोट धरधरून हसत ऐकल्या. नाव मात्र एकदाही विचारलं नाही. चव्वेचाळीस पानं वाचूनही जे जमलं नव्हतं, ते वारल्यावर जमलं.

रोशेल दवाखान्यात लागली. खातं बाईंच्या हयातीची चौकशी करत आहे. तोवर त्यांची गैरहजेरी 'सांस्कृतिक कारण: इतर' अशी मांडली जाते.

राहता राहिलात तुम्ही. रोशेलला जागा मिळाली, बाई जिवंत आहेत, गोष्ट संपली. तरी मघापासून तुमच्या डोक्यात चाललंय, की बहिणीचं नाव होतं तरी काय? एक-दोन नावं लावूनही पाहिली असतील. लाजू नका. ग्लेनिसनेही पहिलं अक्षर मागितलंच होतं. पण तिच्याकडे निदान अर्ज तरी होता.