समता कॉलनीतलं आरमार

आमच्या गल्लीत एखाद्या बाईची हेअरपिन हरवली, तर ती घरात शोधत बसत नाही. सरळ आमच्या समोरच्या वऱ्हाडपांडे काकांकडं जाते आणि विचारते, "काका, कोणत्या जहाजाले लागली?" काकाही अजिबात न लाजता बोट दाखवतात. "ते पाह्य. मागची क्रेन."

जहाज म्हणजे लढाऊ जहाज, खऱ्याच्या दोनशेवा भाग. काकांच्या बैठकीत अशी अकरा उभी आहेत. कपाटावर, फ्रिजवर, एक तर देवघराच्या फळीवर, बाळकृष्णाच्या शेजारी तोफा रोखून. पाहुण्याला बसायला जागा नाही, आणि काका स्वतः तर बसतच नाहीत. सिलतऱ्याच्या एका पोलाद कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. रिटायर झाले, पण पाय काही रिटायर झाले नाहीत. चहाचा कप घेऊन स्वयंपाकघर ते गेट, गेट ते स्वयंपाकघर. मधेच रस्ता ओलांडून तो कप माझ्या कठड्यावर ठेवतात आणि माझ्या पेनाचं रिफिल घेऊन जातात. त्यांच्या तोफांच्या नळ्या म्हणजे माझी रिफिलं! मी शाळेत शिकवते, लाल पेनाशिवाय माझं पान हलत नाही. रिफिल रिकामं नसलं तरी ह्यांना चालतं. दोनदा मी भर वर्गात नुसतं टोपण उघडून उभी राहिले आहे.

माणसाकडंही ते मापातच बघतात. "सुनंदा, तू साडेसात मिलिमीटर," मला ऐकवलं. मी म्हटलं, "काका, तोंड सांभाळा." तर म्हणे, "चिडते काहून वो? नौसैनिक साडेआठचा असते. तू जराशी कमी, एवढंच."

एकदा मी भाचीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला पंडरीच्या कापडबाजारात निघाले, तर हे स्कूटीवर मागं येऊन बसले. "मले बी थोडंसं कापड पायजे." थोडंसं म्हणजे किती, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. ठोक बाजारातला तो दुकानदार बिचारा ताग्यावर तागा उलगडतोय आणि हे भिंग लावून जाळीची भोकं मोजताहेत. बारावा तागा पसंत पडला. "कितना दूँ, काकाजी?" "दो अंगुल." रडारला पाहिजे होतं! दुकानदार माझ्याकडं बघायला लागला. मी सरळ साड्यांकडं तोंड फिरवलं, म्हटलं ह्या माणसाला आपण ओळखत नाही. काका त्याला शांतपणे समजावत होते की दो अंगुल भी ज़्यादा ही है.

पण मापात लबाडी नाही हं! चार महिने खपून केलेला एक डेक त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत उचकटून काढला. कुठलासा पाइप अर्धा मिलिमीटर सरकला होता. मी म्हटलं, "कोण बघतंय काका?" भडकलेच. "अर्धा मिलिमीटर म्हंजे खऱ्या जहाजावर दहा सेंटीमीटर! चालते का? मी जहाज बनवून राहिलो, खेळणं नाही!"

आता ह्या घरातली गंमत ऐका. गंमत कसली, डोक्याला ताप. काकांची एकुलती एक मुलगी रेवा ह्याच जहाजांमध्ये रांगत वाढली आणि एक दिवस म्हणाली, मी नौदलात जाणार. आनंदानं पेढे वाटायचं सोडून हा माणूस काय म्हणाला? "जहाज टेबलावरच ठीक असते. पाण्यावर जायाचं काम नाही." काकू नुकत्याच गेल्या होत्या. आता पोरगीही समुद्रावर चालली, हे त्यांना झेपलंच नाही. रेवा गेली, अधिकारी झाली, आणि बापानं तीन वर्षं तिचा फोन घेतला नाही.

फोन यायचा मला. "दीदी, बाबा ने खाना खाया?" इथं हिंदी मुलखात वाढलेली, मराठी तिला सगळी कळते, पण तोंडातून निघणार हिंदीच. मी खिडकीतून ओरडायची, "काका, रेवा विचारते, जेवले का?" समोरून उत्तर, "तिले सांग, हव, जेवलो." झालं बोलणं! शाळेतून दमून यावं आणि ह्या दोघांचे निरोप पोचवत बसावं. वैताग आला होता मला.

गेल्या वर्षी काकांनी बारावं जहाज करायला घेतलं आणि त्यांच्या फेऱ्या दुप्पट झाल्या. दिवसातून चारदा माझ्या दारात. "तिले विचार, मागच्या डेकवर दोर कोणत्या बाजूनं?" "तिले विचार, जिना उजवीकडं का डावीकडं?" तिकडून एकच उत्तर, "दीदी, बताना मना है." मग एकदा विचारलं, "तिले विचार, झोपते कुठं?" ह्याला मात्र उत्तर आलं, "नीचे, पीछे की तरफ." तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. काका रेवाचंच जहाज करत होते! ते समुद्रात असलं की पंधरा पंधरा दिवस तिचा फोन लागायचा नाही. काका तेव्हा गेटपाशी येरझारा घालायचे आणि विचारलं तर म्हणायचे, "गोंद वाळून राहिला."

मागच्या महिन्यात रेवानं कळवलं, रविवारी एक दिवसासाठी येतेय. बाबा स्वतः बोलले तर घरात पाऊल ठेवीन, नाहीतर दीदी, तुमच्याकडं जेवून दुपारच्या गाडीनं परत. मी काकांना सांगितलं. ते नुसतेच गेटपर्यंत जाऊन परत आले.

रविवारी सकाळी ती आली. काका हातानं फिरवायचं चिमुकलं ड्रिल घेऊन दारात उभे. "आली," ते म्हणाले. कोणाला? मला! पोरगी हातभर अंतरावर उभी आणि बातमी मला. रेवाचा चेहरा उतरला. मी ओरडलेच, "अहो, तिच्याशी बोला ना!" काका तसेच आत वळले आणि टेबलावरची चादर ओढून काढली.

जहाज बघून मात्र रेवा उंबऱ्यात थांबू शकली नाही. आत आली, वाकून एक चक्कर मारली. मागच्या बाजूला तिचं बोट थांबलं. करड्या भिंतीत दोन मिलिमीटरचं एक गोल भोक होतं, आत काच बसवलेली.

"बाबा, ये क्या? यहाँ तो मेरा केबिन है. इसमें खिड़की होती ही नहीं."

मी मनात म्हटलं, संपलं! अर्ध्या मिलिमीटरसाठी जीव टाकणाऱ्यानं अख्खी खिडकी चुकवली.

"माहीत आहे मले," काका म्हणाले. ह्या वेळी तिच्याकडं बघून. "फोटोत नाही, नकाशात नाही. पण तू लहान होती तवा खिडकी बंद केली की रडायची. बंद डब्यात कशी झोपत असशील पोट्टी, तेच येते डोक्यात. म्हणून कोरली. चुकीची आहे. असू दे."

मी पदर डोळ्यांना लावला, उगाच खोटं कशाला सांगू? रेवानं वाकून त्या काचेतून आत बघितलं. मग अडखळत, मराठीत म्हणाली, "एकच काहून कोरली, बाबा? आम्ही तिघी झोपतो तिथं."

काकांनी ड्रिल त्या भोकाच्या शेजारी टेकवलं, पण टोक काही जागेवर राहीना. रेवानं खांद्यावरची बॅग खाली टाकली, त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि म्हणाली, "आता फिरवा."