एकदा देवाला, एकदा फोटुला

माझ्या धाकट्या बहिणीची पाठवणी तिच्या लग्नाच्या आधी झाली. म्हणजे आधी ती आईच्या गळ्यात पडून रडली, मग फुलांनी सजवलेल्या गाडीत नवऱ्याशेजारी बसून सासरी निघाली, पुढच्या चौकातून वळसा घालून परत आली, उतरल्या उतरल्या तिनं मिरचीची भजी मागितली आणि त्यानंतर सावकाश तिचं लग्न लागलं. हा क्रम ठरवणारी व्यक्ती म्हणजे आमची सुमनकाकू.

"मुहूर्त संध्याकाळचा," काकूनं आदल्या महिन्यातच बजावलं होतं. "जेवणं उरकून पोरगी वाटं लावायची तवा मिट्ट काळोख. हालोजनमदी रडलेलं चांगलं दिसतंय का? नाकाची सावली व्हटावर पडती. रडून घ्या आदी. उजेड हाय तवर."

आणि सगळे रडले. माझे वडील रडायला तयार नव्हते, तर काकू म्हणाली, "भाऊजी, तुमी पाठमोरे उभे ऱ्हावा. निस्तं खांदे हलवा." फोटोत वडीलच सगळ्यात जास्त रडताना दिसतात.

सुमनकाकू ही माझ्या धाकट्या काकांची बायको. अहमदपूरला एसटी स्टँडच्या मागं राहते, ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल-पिको करते. काका फार लवकर गेले. त्यांची मुलगी पल्लवी तेव्हा रांगत होती. मशीन चालवून काकूनं तिला वाढवलं, शिकवलं. काकूकडे कॅमेरा कधीच नव्हता. मोबाइलवर फोटो काढला तर त्यात तिचं बोटच येतं. तरी आमच्या गोतावळ्यात लग्न ठरलं की पत्रिका छापायच्या आधी काकूला बोलावणं जातं, आणि नाही गेलं तर काकू आपली आपण येते. हॉल बघायला गेल्यावर बाकीचे पंखे बघतात, नळाला पाणी आहे का बघतात. काकू खिडक्या बघते. मग भर उन्हात मधोमध उभी राहून, कपाळावर आडवा हात धरून जाहीर करते, की रुखवत इथं, नवरदेव तिकडून, आणि विहिणी भेटणार त्या लिंबाखाली.

मी लातूरला एका क्लासमध्ये पोरांना फिजिक्स शिकवतो. प्रकाशाचा धडा मी झोपेतही शिकवू शकतो. काकू मला तो नव्यानं समजावते. "पिवळी साडी उजेड खाती, लाल साडी वकती. दोघी शेजारी उभ्या करू ने." मी म्हणालो, काकू, असं काही नसतं. ती म्हणाली, "तुझ्या पुस्तकात नसंल. साडीत असतंय."

तिचे कायदे कडक असतात. घरातल्या सगळ्यांचा फोटो होईपर्यंत पान, मावा बंद. ती मांडवाच्या तोंडाशी उभी राहून पाहुण्यांचे दात तपासते. एका लग्नात तिनं खुद्द मुलाच्या बापाला "आ करा" म्हटलं आणि चूळ भरून यायला पाठवलं. ते बिचारे निमूट गेले. परत आल्यावर त्यांनी आपण होऊन आ केला.

पण सगळ्यात मोठा कायदा म्हणजे 'एकदा देवाला, एकदा फोटुला'. लग्नातला प्रत्येक विधी दोनदा करायचा. पहिल्यांदा गुरुजी सांगतील तसा. त्यात कुणी कुठंही उभं राहो, काकू शब्द बोलत नाही. मग तोच विधी पुन्हा, काकू सांगेल तसा. माझ्या लग्नात आम्ही सप्तपदीची चौदा पावलं चाललो. गुरुजींनी नम्रपणे विचारलं, "दुसऱ्या वेळी मंत्र म्हणायचे का?"

"निस्ते व्हट हलवा," काकू म्हणाली. "आन पोट आत घ्या."

गुरुजींनी दोन्ही केलं. पोट आत घेतल्यावर ओठ हलत नाहीत, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

या दुसऱ्या फेरीत काकू शिकवतेही. बायका नवरीला हळद लावायला पुढं झाल्या की ही मधे घुसते. "असं न्हाई गं. हात आडवा आला तुझा, नवरीचं तोंडच दिसंना. हे असं." असं म्हणत वाटीत बोट बुडवते, नवरीच्या गालाला लावून दाखवते आणि बाजूला होते. ज्यांची हयात हळदी लावण्यात गेली त्या बायकांना ही हळद लावायला शिकवते. बायका जाम वैतागतात. आमचे ठरलेले फोटोग्राफर मोईनभाई तेवढा वेळ कॅमेरा खाली घेऊन उभे राहतात, कारण काकूला फोटोत यायचं नसतं. "मी कामून? मी निस्ती उजेडाला हाय," एवढंच तिचं उत्तर.

मोईनभाई नांदेडचे. मी त्यांना एकदा विचारलं, ही कटकट तुम्ही सहन कशी करता? ते म्हणाले, "कटकट कायकी, दादा? बाकी शादियों में मेरे कू कोई पूछता नै. काकू चाय पहले मेरे कू देती, दूल्हे कू बाद में."

तर माझ्या बहिणीच्या लग्नातली ती आगाऊ पाठवणी. तिथं मात्र घोळ झाला. झालं असं, की नवरदेवाचे मामा भोकरहून क्रुझर भरून माणसं घेऊन निघाले होते. हॉलपासून हाकेच्या अंतरावर त्यांना समोरून सजवलेली गाडी येताना दिसली. आत भाचा, शेजारी डोळे पुसणारी नवरी. मामांनी काय समजायचं? लग्न लागलं, जेवणं झाली, पोरगी निघालीसुद्धा, आणि मामासाठी कुणी थांबलं नाही. मामांनी तिथल्या तिथं क्रुझर वळवायला लावली आणि फोन बंद केला.

मुहूर्त आला तरी मामांचा पत्ता नाही. नवरदेवाची आई म्हणाली, माझ्या भावाशिवाय अक्षता पडणार नाहीत. मला मोटरसायकलवर पिटाळलं. मामा लोह्याच्या अलीकडं एका ढाब्यावर सापडले, रागारागानं शेवभाजी खात. मी समजावलं की लग्न अजून लागायचंय. ते म्हणाले, "मी डोळ्यानं बगितलं की, पोरगी रडून राहिली होती." मी म्हणालो, ते फोटोसाठी. मामांनी घास खाली ठेवला आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. वेड्याच्या घरी सोयरीक केली, असं ते स्पष्ट बोलले नाहीत एवढंच.

मुहूर्त टळला. दुसरा काढावा लागला. मामा शेवटी आले, तर दारात काकू उभी. "मामासाहेब, परत एकदा गाडीत बसून उतरता का? हसत?"

त्या रात्री निलंग्याच्या आत्यानं घरच्यांसमोर निकाल दिला. आत्या म्हणजे आमच्या वडिलांची आणि काकांची थोरली बहीण. रीतभात, मानपान, ओवाळणं, सगळं तिच्या शब्दावर. ती म्हणाली, "हितून फुडं घरच्या लग्नात एक काम एकदाच. दोनदा न्हाई, आदी न्हाई, मागून न्हाई. देवाचं हुईल तेच फोटुत यील." सगळ्यांनी माना डोलवल्या. काकूनंही डोलवली.

आणि त्यानंतरचं घरातलं पहिलं लग्न निघालं ते पल्लवीचं, काकूच्या एकुलत्या एक मुलीचं.

मुलगा नांदेडचा, माणसं चांगली. मला वाटलं होतं, काकू आत्याशी भांडेल. स्वतःच्या पोरीचं लग्न, ही बाई सूर्याला दोरी बांधून ठेवेल. पण काकू शांत. मोईनभाई दिवसाचा क्रम ठरवायला आले, तेव्हा ती प्रत्येक गोष्टीला "एकदाच" म्हणाली. हळद एकदाच. मंगळसूत्र एकदाच. मोईनभाईंचा चहा तसाच गार झाला. जाताना मला म्हणाले, "दादा, काकू की तबीयत ठीक है ना?"

हळदीच्या आदल्या दिवशी पल्लवीनं मला गच्चीवर बोलावलं. तिचे डोळे सुजलेले होते. म्हणाली, "दादा, मला आईच्या हातची हळद पायजे. दुसरं काही नको."

नवरा गेलेल्या बाईनं हळदीला हात लावायचा नाही, ही आमच्याकडची रीत. ती कुणी लिहून ठेवलेली नाही, पण सगळ्यांना पाठ आहे.

"तुला खरंच कदी कळलं न्हाई?" पल्लवी म्हणाली. "आई दाखवायची कुणाला? हळद कशी लावायची ते काय बायांना येत न्हाई? देवाच्या फेरीत तिला कोण फुडं यिऊ देणार? फोटुचं काय, फोटुचं कुणी खरं धरत न्हाई. मनून तिला कुणी अडवत न्हाई. ताईला तिनं हळद लावली. वहिनीला लावली. तुला लावली."

मला आठवलं. माझ्या हळदीत, "तुझं गालाचं हाड जरा वर हाय," म्हणत काकूनं माझ्या गालावर बोट फिरवलं होतं. मला गुदगुल्या झाल्या होत्या आणि मी हसलो होतो. इतक्या वर्षांत आमच्या घरातल्या प्रत्येक लेकरानं काकूच्या हातची हळद अंगाला लावून घेतली, आणि आम्ही सगळे समजत होतो की बाईला फोटोचं वेड आहे.

"आता माझ्या लग्नात दुसरी फेरीच न्हाई," पल्लवी म्हणाली. "तू आत्याला सांग."

मी आत्याकडं गेलो. आत्या उद्याची इरकल साडी काढून तिच्यावरून हात फिरवत बसली होती. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "रीत मी काढली का रं? माझ्या भावाची पोर हाय ती. उद्या तिच्या संसारात उलसंक काही झालं, तर लोक बोट कुणाकडं करतील? आईकडंच ना?" मग काकूकडं गेलो, तर ती म्हणाली, "आत्याचं बरोबर हाय. परत इषय काढू नको. सकाळचा उजेड दारातल्या लिंबात अडकतोय का तेवढं बग."

सकाळी घरासमोर छोट्या मांडवात पल्लवी पाटावर बसली. पिवळी साडी, काकूनं स्वतः शिवलेला ब्लाउज. सवाष्णी गोल करून उभ्या. काकू त्या गोलाच्या बाहेर, भिंतीला टेकून, दोन्ही हातांत थर्माकोलचा पांढरा मोठा तुकडा धरून. कोवळं ऊन त्या थर्माकोलवर घ्यायचं आणि पल्लवीच्या तोंडावर पाडायचं, एवढं काम तिनं स्वतःकडं ठेवलं होतं. पल्लवीचा चेहरा लख्ख दिसत होता. काकूचा थर्माकोलमागं दिसतच नव्हता.

पहिला मान आत्याचा. इरकलीचा पदर सारखा करून तिनं वाटीत बोटं बुडवली आणि पल्लवीच्या गालाकडं नेली. पल्लवीनं तोंड बाजूला घेतलं.

"आत्या, असं न्हाई."

आत्याच्या बोटावरून हळदीचा थेंब पाटावर पडला.

"तुमचा हात आडवा येतोय," पल्लवी म्हणाली. "फोटुत तुमचं तोंड दिसंना. इरकलीचा काठबी झाकला."

आत्यानं काठाकडं बघितलं. मग मोईनभाईंकडं. "येतोय का रे आडवा?"

मोईनभाईंनी अजून कॅमेरा डोळ्याला लावलाही नव्हता. "हौ आत्या," ते म्हणाले. "पूरा आडवा."

"मग कसं लावायचं मन्ता?"

"आईला दाखवू द्या," पल्लवी म्हणाली.

आत्यानं पल्लवीकडं बघितलं, मग मान वळवून भिंतीजवळच्या त्या पांढऱ्या तुकड्याकडं बघितलं. आत्या भोळी नाही. निम्म्या निलंग्याची भांडणं तिनं मिटवली आहेत. तिच्या कपाळावरची आठी मी लहानपणापासून ओळखतो, आणि त्या क्षणी मला वाटलं, झालं, आता सगळं मोडतं.

"दाखव गं सुमन," आत्या म्हणाली. "लवकर. उजेड चाललाय."

मी काकूच्या हातातून थर्माकोल घेऊ लागलो. ती सोडेना. मला ओढून घ्यावा लागला. काकू गोलात आली, वाटीपुढं बसली. एरवी ती एक बोट बुडवायची. त्या दिवशी तिनं दोन्ही तळहात बुडवले आणि लेकीच्या दोन्ही गालांवर ठेवले, आणि ते उचलायचं ती विसरली.

"हे असं," ती म्हणाली. "असं लावायचं असतंय."

मोईनभाईंनी कॅमेरा खाली घेतला नाही. मला थर्माकोल काकूसारखा एका जागी धरता येईना, त्यामुळं त्याच्यावरचं ऊन सगळ्या बायकांच्या तोंडावर नाचत होतं, आणि कोण रडतंय, कोण नाही, हे लपायला जागा उरली नव्हती.

शेवटी काकूला भान आलं. तिनं हात मागं घेतले, पदरानं डोळे टिपले, त्यामुळं कपाळालाही हळद लागली, आणि ती उठायला लागली. आत्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं.

"मला न्हाई कळलं," आत्या म्हणाली. "परत एकदा दाखव."

काकूनं परत दाखवलं. ऊन वर चढून लिंबाच्या शेंड्याआड गेलं, मांडवात सावली पसरली, मोईनभाई घड्याळाकडं बघायचं विसरून गेले, तरी आत्याला काही केल्या कळत नव्हतं.