दोन माणसांची गाडी

गाडीला दोन माणसं लागत. म्हणजे बसायला पाच चालत, पण हलवायला दोन लागत.

चालवणाऱ्याच्या बाजूचं दार बाहेरून उघडत नसे. आधी दुसऱ्या माणसानं डावीकडून आत बसायचं, आडवं होऊन ते दार आतून उघडायचं, मग चालवणाऱ्यानं आत यायचं. आत आलं म्हणजे झालं असंही नव्हतं. डावीकडच्या माणसानं समोरच्या कप्प्याच्या खाली एका ठरावीक जागी अंगठा दाबून धरला, तरच किल्लीला अर्थ प्राप्त होई. शिवाय डावीकडे वळताना हॉर्न आपोआप वाजे. त्याला मात्र माणूस लागत नसे. ते काम गाडी स्वतःच्या हिमतीवर करी.

हे डावीकडचं माणूस म्हणजे मापसाहेबांची बायको. एकवीस वर्षं तिनं हे खातं सांभाळलं, आणि दोन वर्षांपूर्वी आठ दिवसांच्या आजारात, कुणालाही चार्ज न देता ती गेली. तेव्हापासून गाडी इमारतीखाली राखाडी कव्हर पांघरून उभी होती.

मापसाहेब हे नाव गल्लीनं दिलेलं. वजनमापे खात्यात ते बत्तीस वर्षं निरीक्षक होते. निवृत्त झाल्यावरही ते भाजीवालीच्या तराजूकडे अशा नजरेनं बघत, की ती न सांगता एक टोमॅटो वर टाकी आणि ते तो काढून परत देत. त्यांच्या दोन गोष्टी प्रसिद्ध होत्या. ते खोटं बोलत नसत, आणि कुणाकडे काही मागत नसत. शेजाऱ्याकडे शिडी मागण्यापेक्षा टेबलावर खुर्ची आणि खुर्चीवर डबा ठेवून चढणं त्यांना जास्त सभ्यपणाचं वाटे. एकुलती मुलगी दूर देशात होती. तिचा दर रविवारी फोन येई. ती "कसे आहात?" विचारी, ते "ठीक" म्हणत, आणि मग दोघं मिळून हवामान संपवत. फोन चार मिनिटं चाले. मापसाहेबांनी तो मोजला होता.

सगळ्या जगात त्यांचा राग एकाच माणसावर होता, तो म्हणजे गाडीचा मेकॅनिक. दर वर्षी गाडी सर्व्हिसिंगला देताना मापसाहेब सोबत लेखी यादी देत. त्यात पहिलं कलम दार, दुसरं किल्ली. गाडी परत येई ती इंजिनापासून आरशापर्यंत लखलखीत, फक्त कलम एक आणि दोन जिथल्या तिथे. मग मापसाहेब त्याला पत्र लिहीत. बायको म्हणे, "जाऊ द्या हो. विसरतो बिचारा." मापसाहेब म्हणत, विसरायलाही एक पद्धत असते, दर वर्षी तेच कसं विसरतो?

तर अशी गाडी दोन वर्षं उभी राहिल्यावर इमारतीच्या सेक्रेटरीनं नोटीस लावली. जी वाहनं हलत नाहीत ती महिनाअखेर हलवण्यात येतील. मापसाहेब त्याला भेटायला गेले आणि गाडी चालू असल्याचं त्यांनी सांगितलं. सेक्रेटरी एकटाच राहणारा, नियमांवर जगणारा माणूस होता. तो म्हणाला, "चालू असेल तर चालवून दाखवा साहेब. माझं काही म्हणणं नाही."

मापसाहेबांनी स्वतःच नवी बॅटरी बसवली आणि रविवारी सकाळी नऊला ते खाली उतरले. वॉचमन चार पावलांवर स्टुलावर बसून रिकाम्या फाटकाकडे बघत होता. त्याला "जरा इथं अंगठा दाबून धर" म्हटलं असतं, तर ही कथा इथंच संपली असती. पण मापसाहेबांनी ते म्हटलं नाही. त्यांनी वरून छत्री आणली.

छत्री मुलीनं पाठवलेली, बटणाची होती. मापसाहेब डाव्या दारानं आत शिरले, गिअरवरून गुडघे नेत, दोनदा डोकं आपटून उजवीकडे पोचले. मग त्यांनी छत्रीचं टोक कप्प्याखालच्या त्या जागी टेकवलं, मूठ डाव्या सीटच्या पाठीत रोवली आणि किल्ली फिरवली. गाडी खोकली, कण्हली आणि दोन वर्षांचा उत्साह एकदम दाखवत हिसक्यानं पुढे सरकली. त्या हिसक्यानं छत्रीचं बटण दाबलं गेलं.

बंद गाडीत छत्री उघडली की माणसाला फारशी जागा उरत नाही. मापसाहेब दाराशी चेपले गेले आणि त्यांच्या कोपरानं स्टिअरिंग डावीकडे वळलं. हॉर्न सुरू झाला. स्टिअरिंग सरळ होईना, त्यामुळं हॉर्न थांबेना. रविवारी उशिरा उठणारी सगळी इमारत गॅलऱ्यांत आली. त्यांना एवढंच दिसलं, की मापसाहेबांची गाडी आतून काळी झाली आहे आणि ओरडत, अगदी पायी चालल्याच्या वेगानं, सेक्रेटरीच्या स्कूटरकडे निघाली आहे. स्कूटर आडवी झाली तेव्हा गाडी बंद पडली. हॉर्न चालूच होता.

वॉचमन धावत आला आणि अर्थातच उजव्या दाराशी झटू लागला. "साहेब, दार उघडत नाही!"

"उघडत नाहीच," छत्रीमागून आवाज आला. "माझा हात कडीपर्यंत पोचत नाही. डावीकडून ये."

डावीकडून वॉचमन आला, मग छत्री आली, आणि सर्वांत शेवटी मापसाहेब आले. सेक्रेटरी लुंगीवर खाली उतरला होता. त्यानं आपल्या स्कूटरकडे बघितलं, मग गाडीकडे.

"हलली," मापसाहेब म्हणाले.

"हलली, हे मान्य," सेक्रेटरी म्हणाला. "आता विका."

मापसाहेबांनी जाहिरात दिली. खोटं लिहिता येत नसल्यानं ती अशी झाली: तेवीस वर्षांची, एकाच घरातली गाडी विकणे आहे. चालवण्यास दोन माणसे आवश्यक. एकट्याने येऊ नये.

पहिला आला तो एकटाच. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र अडकवलेला तरुण होता. तो म्हणाला, मी एकटाच राहतो, एकटाच चालवणार. मापसाहेबांनी त्याला चहा पाजला, एकटं राहण्याबद्दल थोडी चौकशी केली आणि गाडी नाकारली. दुसरे भूगोलाचे शिक्षक होते. त्यांची जरा खोलात चौकशी झाली. घरी कोण कोण असतं, बायको आणि तुम्ही एकाच वेळी बाहेर पडता का, भांडण झालं तर किती दिवस अबोला असतो. अबोला चार दिवसांचा असतो म्हटल्यावर मापसाहेबांनी मान हलवली. चार दिवस गाडी जागेवर राहील. शिक्षकांनी कप खाली ठेवला. "काका, तुम्ही गाडी देताय की मुलगी?"

शिक्षकांनी हे जिन्यात वॉचमनला सांगितलं. वॉचमननं तिसऱ्या मजल्यावर सांगितलं, आणि चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत मापसाहेब स्वतःसाठी स्थळं बघू लागले होते. बुधवारी मुलीचा फोन आला.

"बाबा, आज रविवार नाही हे मला माहीत आहे. तुम्ही लग्न करताय?"

"कुणाशी?"

"तेच विचारतेय."

मापसाहेबांनी सगळं सांगितलं, छत्रीचं सोडून. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही गाडीसाठी माणसं शोधताय."

"तिला लागतात."

"आणि तुम्हाला?"

मापसाहेब म्हणाले की सहा मिनिटं झाली, आणि फोन ठेवला.

महिना संपायला दोन दिवस असताना कुलूपवाला आणि त्याची बायको आली. बाजारात किल्ल्या बनवायचं त्यांचं छोटं दुकान होतं. दोघं भांडतच जिना चढली आणि मापसाहेबांनी दार उघडल्यावर, जणू मध्येच थांबणं बरं दिसत नाही म्हणून, भांडण पुरं करून मग आत आली. मापसाहेबांना त्याच क्षणी ती पसंत पडली.

खाली शिकवणी झाली. मापसाहेबांनी चौदा पानांची नियमावली हातानं लिहिली होती. त्यात अंगठ्याचा दाब दोन किलो असावा असं होतं. तो त्यांनी काट्यावर मोजून काढला होता. कुलूपवाल्याची बायको डावीकडे बसली आणि दार उघडायला आडवी झाली.

"कानातलं सांभाळा," मापसाहेब म्हणाले. "गिअरला अडकतं."

तिनं आश्चर्यानं त्यांच्याकडे बघितलं. हे नियमावलीत नव्हतं.

कुलूपवाला मात्र फार बोलला नाही. तो दारावर टिचक्या मारून कान देऊन ऐकत होता. फाटकातून चक्कर मारताना डावीकडच्या वळणावर हॉर्न वाजला, तेव्हा त्याची बायको दचकून म्हणाली, "अगंबाई, कोण आलं मध्ये?" आणि मग स्वतःच इतकी हसली, की तिचा अंगठा सुटून गाडी बंद पडली. मापसाहेबांनी व्यवहार पक्का केला.

दोघं गाडी घेऊन गेली. मापसाहेब हातात कव्हर घेऊन उभे राहिले. गाडी कोपऱ्यावर डावीकडे वळली, हॉर्न वाजला. एकवीस वर्षं ते आत बसून हा हॉर्न ऐकत होते. बाहेरून तो कुणीतरी हाक मारल्यासारखा वाटतो, हे त्यांना आज कळलं. त्यांनी कव्हर रिकाम्या जागेवर ठेवलं आणि वर गेले.

आठवड्यानं कुलूपवाला परत आला. गॅलरीतून मापसाहेबांनी बघितलं: गाडी थांबली, उजवं दार उघडलं, तो उतरला, त्यानं दार लावलं आणि आठवण झाल्यासारखं बाहेरून पुन्हा उघडून सीटवरची वही घेतली. गाडीत दुसरं कुणी नव्हतं.

"काका, ही तुमची नियमावली. लागली नाही."

"दार?"

"दारात काही मोडलंच नव्हतं. आतली दांडी खाचेतून काढून दोरीनं बाजूला बांधून ठेवली होती. गाठ बघा काय सुबक. त्या कप्प्याखालची वायरही तशीच, मुद्दाम सैल. अर्ध्या तासाचं काम."

"अर्ध्या तासाचं?"

"ते पण हिच्याशी बोलत बोलत. नाहीतर वीस मिनिटं." त्यानं तोडलेली गाठ मापसाहेबांच्या हातावर ठेवली. "आता एकटा माणूसही चालवू शकतो."

मापसाहेब गाठ खिशात घालून तडक गॅरेजवर गेले. मेकॅनिक एका गाडीखाली होता. बाहेर फक्त त्याचे पाय होते, म्हणून मापसाहेबांनी पायांनाच जाब विचारला. बत्तीस वर्षांच्या नोकरीत एवढी उघड फसवणूक आपण पाहिली नाही, असं ते म्हणाले. पायांनी आधी एक चप्पल सारखी केली.

"मला वाटलं होतं तुम्ही कधीतरी याल," गाडीखालून आवाज आला. "दुसऱ्याच वर्षी दुरुस्त केलं होतं मी. गाडी देणार, तेवढ्यात बाईंचा फोन. म्हणाल्या, दार आणि किल्ली होती तशी करून ठेव."

"कोण बाई?"

मेकॅनिक घरंगळत बाहेर आला आणि हात पुसत उठून बसला. "तुमच्या बाई. मग दर वर्षी यायचाच फोन. गाडी यायच्या आधी."

मापसाहेबांना बसायला काही दिसेना. मेकॅनिकनं एक टायर पुढे सरकवला.

"मी विचारलं त्यांना, का म्हणून. म्हणाल्या, आमचा माणूस कुणाला 'जरा धर' म्हणत नाही. मलासुद्धा नाही. त्या गाडीपायी दिवसातून दोनदा म्हणतो. तेवढं राहू दे. शब्द दिला होता साहेब. त्या गेल्यावर तरी कसा मोडणार?"

मापसाहेब टायरवर बसले आणि म्हणाले, "आणि मी तुला वीस वर्षं मूर्ख म्हणत आलो."

"लेखी म्हणत आलात. सगळी पत्रं आहेत माझ्याकडे. अक्षर फार सुंदर आहे तुमचं."

"आणि हॉर्न?"

मेकॅनिकनं मान खाली घातली. "हॉर्न खरंच बिघडलेला होता. तो मला कधी जमलाच नाही."

मापसाहेब चालत घरी आले. इमारतीखाली गाडीच्या जागेवर कव्हर तसंच पडलं होतं. ते उचलून त्यांनी घडी घालायला घेतली. एवढ्या मोठ्या कापडाची घडी एकट्यानं घालणं म्हणजे काय, ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. एक टोक हनुवटीखाली धरावं तर दुसरं पायाखाली येतं, आणि दोन्ही सापडेपर्यंत मधलं कापड आपल्याला गुंडाळून बसतं. तिसऱ्या खेपेला मापसाहेब कव्हरातून डोकं बाहेर काढत होते, तेव्हा समोरून हेल्मेट हातात घेऊन सेक्रेटरी निघाला होता. स्कूटर नुकतीच दुरुस्त होऊन आली होती, त्यामुळं तो त्यांच्याकडे न बघता निघाला होता.

"जरा," मापसाहेब म्हणाले आणि थांबले.

सेक्रेटरी थांबला. ही तक्रार असणार असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

"जरा हे टोक धरता?"

सेक्रेटरीनं मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं. त्यानं हेल्मेट खाली ठेवलं आणि टोक धरलं. दोघं लांब गेले, जवळ आले, टोकाला टोक जुळलं. घडी कानाकोपऱ्यासकट अचूक बसली. मापसाहेबांनी तिच्याकडे तराजूकडे बघत तसं बघितलं.

"चार बोटं फरक पडतोय," ते म्हणाले. "परत उलगडू या."

अर्ध्या बोटाचाही नव्हता. आयुष्यात त्यांनी सांगितलेलं ते पहिलं खोटं माप. सेक्रेटरीनं निमूट उलगडलं. ते पुन्हा लांब गेले, पुन्हा जवळ आले, पुन्हा अचूक जुळलं. मापसाहेब आता घडी हातात घेणार, तोच सेक्रेटरी वाकून बारकाईनं बघू लागला.

"माझ्या बाजूनं अजून दोन बोटं आहेत, असं वाटतं," तो म्हणाला.

मापसाहेबांनी बघितलं. नव्हती.

"आहेत," ते म्हणाले.