तांदळाच्या डब्यातला संगणक

आमच्या शेजारच्या बापू मेस्त्रींच्या तांदळाच्या डब्यात हात जपून घालावा. काहीतरी टोचतं. तो खडा नसतो, चिप असते. कुडाळच्या भंगारवाल्याकडून जुनी यंत्रं आणायची, त्यांतल्या चिपा उपटायच्या आणि तांदळात पुरून ठेवायच्या, हा बापूंचा सत्तरीतला उद्योग.

"खारो वारो लागलो की गोमींचे पाय गंजतत," ते सांगतात. पायांमुळे चिपेला ते गोम म्हणतात. एकदा आमच्या हिने त्यांच्याकडून वाटीभर तांदूळ आणले आणि भातात गोम निघाली. बापू धावत आले. "शिजली तरी मरूची नाय ती!" आणि खरंच, ती चालली.

या गोमींतून बापू चाळीस वर्षांपूर्वीचा एक संगणक बनवत होते. इथल्या एका शाळेत होता, अगदी तसाच. जन्मभर रेडिओ दुरुस्त केलेला माणूस, पण कुठून कुठून त्याचे नकाशे मिळवले, शब्दकोश मांडीवर घेऊन वाचले आणि शेकडो तारा हाताने सोल्डर केल्या. मला मोबाईलमधलं घड्याळ लावता येत नाही. मी नुसता त्यांच्या पडवीत बसून थक्क होऊन बघायचो. जेवणाची त्यांना शुद्ध नसे. आमच्या हिने पाठवलेलं कालवण संध्याकाळी तसंच असायचं.

"पण हाच संगणक का, बापू?" मी एकदा विचारलं.

त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. त्यांची बायको, सुमनबाई, शाळेत त्या संगणकावर शिकवायची. एका मे महिन्यात तिने तो साफ करायला घरी आणला, आणि बापूंनी आतला बोर्ड आमसुलाच्या पाण्याने घासला. "तांब्याची भांडी लख्ख होतत, मगे ह्येका काय धाड भरतली, असा माका वाटला!"

धाड भरली. संगणक कायमचा गेला. बाई त्यावर चकार शब्द बोलली नाही. तिने मुलांसाठी लिहिलेला प्रोग्राम मात्र एका कॅसेटमध्ये अडकून पडला, कारण तो दुसऱ्या कुठल्याच यंत्राला कळेना. बाई जाऊन आता चार वर्षं झाली.

"तिना लिवलेला माका एकदा बघूचा आसा," बापू म्हणाले.

परवा दुपारी यंत्र तयार झालं. बापूंनी देवाला साग्रसंगीत गाऱ्हाणं घातलं, प्रत्येक वाक्याला मी एकटाच "व्हय म्हाराजा" म्हणालो, आणि कॅसेट लावली. किरकिर झाली. तीनदा काहीच नाही. चौथ्यांदा जुन्या टीव्हीवर, इंग्रजी अक्षरांत, मालवणी वाक्य उमटलं:

नाव काय तुजा?

बापूंनी एका बोटाने नाव लिहिलं.

बापू, जेवलंस?

"पोरांका पयला ह्याच इचारी ती," बापू म्हणाले.

"होय लिहा ना," मी म्हणालो.

"नाय रे. तिका खोटा सांगूचा नाय."

ते उठले. डबा उघडून गोमी बाजूला केल्या आणि मूठभर तांदूळ धुऊन चुलीवर ठेवले. भात झाला. मग पडद्यासमोर पाट मांडून, कालवण भातावर घेऊन ते शेवटच्या शितापर्यंत जेवले. हात धुऊन आले आणि लिहिलं, होय.

शाबास. आता गणिता करूया.

बापूंनी चष्मा पुसला आणि मांडी घालून ताठ बसले.