कमांडर काजवा सूप प्यायला की नाही

विवाहित माणसाने आपलं स्वप्न सकाळच्या चहाबरोबर सांगू नये, असा नियम कोणत्याही कायद्यात नाही. असता तर मी तो पाळला असता, कारण मी नियम पाळणारा माणूस आहे. उद्वाहन तपासणी खात्यात वरिष्ठ तपासनीस आहे. इमारतींमधल्या लिफ्ट वर जातात तशाच खालीही येतात, हे मी सहीशिक्क्यानिशी प्रमाणित करतो. अशा जबाबदार माणसाच्या हातून पुढे जे घडलं ते केवळ नियमाअभावी घडलं, एवढं सुरुवातीलाच नमूद करतो.

मंगळवारची सकाळ होती. बायको दुकानात जायच्या तयारीत होती. तिचं चष्म्याचं दुकान आहे. चहाचा घोट घेत मी म्हणालो, "काल काय मस्त स्वप्न पडलं!"

स्वप्न असं होतं. एका मोठ्या हॉटेलात, खिडकीजवळच्या टेबलावर, मी आणि कमांडर काजवा जेवायला बसलो होतो. ज्यांना कमांडर काजवा ठाऊक नसेल त्यांच्या माहितीसाठी: हिरव्या झग्याचा, अंधारात लुकलुकणारा हा महानायक. लहानपणापासून मी त्याची कॉमिक्स वाचत आलो. वय वाढलं, केस गेले, कॉमिक्स मात्र राहिली. तर कमांडरने झग्याचं टोक गळ्याशी खोचलं होतं. टोमॅटोचं वाफाळतं सूप आलं, त्यावर लोणी तरंगत होतं. मग भाजलेले बटाटे, मशरूमचं काहीतरी, गरम पाव आणि शेवटी आइस्क्रीम. कमांडरने सूप पुन्हा मागवलं. मग पुन्हा. गप्पा तर अशा रंगल्या की विचारू नका.

"आणि मी?" बायकोने विचारलं.

"तू काय?"

"मी कुठे होते?"

इथे शहाणा माणूस सावध होतो. मी सहज म्हणालो, "तू घरी असशील."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिने कप खाली ठेवला. "येत्या शनिवारी आपल्या लग्नाचा वाढदिवस आहे. बाहेर जेवायला जायचं ठरलं होतं."

"जाऊ ना!"

"पुन्हा कशाला? आपण तर जेवून आलात."

एरवी ती मला 'तू' म्हणते. 'आपण' हा शब्द तिने चष्मा परत करायला आलेल्या गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवलेला आहे.

"अगं, स्वप्न होतं ते. ते काय माझ्या हातात असतं?"

"गेल्या वाढदिवसाला तुमच्या मंडळाची सभा आली. त्याच्या आधीच्याला कमांडरचा विशेषांक आला. म्हटलं, ठीक आहे, या गोष्टी हातातल्या नसतात. पण स्वप्नात कुठली सभा आडवी आली होती? हातात असतं तिथे मी नाही, हातात नसतं तिथेही मी नाही. मग मी आहे कुठे?"

या प्रश्नाला उत्तर होतं, पण 'घरी' हे उत्तर मी एकदा देऊन बसलो होतो. तिने पर्स उचलली आणि अट घातली. जायचं तर त्याच हॉटेलात, त्याच खिडकीजवळ. ते जमणार नसेल तर शनिवारी ती आईकडे जाणार होती, आणि परत कधी यायचं ते तिला तसं स्वप्न पडेल तेव्हा ठरणार होतं.

मी हादरलो. बायको गेल्यावर घरात काय होतं ते मला माहीत आहे. ती मागे एकदा चार दिवस आईकडे गेली होती, तेव्हा मी दूध उतू घालवण्यापलीकडे काही करू शकलो नव्हतो. आणि खरं सांगायचं तर मला करमलंही नव्हतं.

दु:ख हलकं करायला मी मंडळात गेलो. 'कमांडर काजवा निष्ठावंत वाचक मंडळ' ही नोंदणीकृत संस्था आहे आणि मी तिचा सचिव आहे. अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. त्यामुळे बैठका त्यांच्या दवाखान्यात, पेशंट गेल्यावर, हिरड्यांच्या तक्त्याखाली भरतात. मी सगळी हकिगत सांगितली. वाटलं होतं, कुणीतरी पाठीवर हात ठेवेल.

अध्यक्षांनी विचारलं, "कमांडर जेवला?"

"हो. सूप तर तीन वेळा..."

"सचिव, आपण काय बोलताय याची आपल्याला कल्पना आहे?"

कल्पना होती, पण बायकोच्या काळजीत ती मागे पडली होती. कमांडर काजवा आजवरच्या एकाही अंकात जेवलेला नाही. तो उजेडावर जगतो. एका जुन्या अंकातल्या एका चौकटीत त्याच्या हातात काहीतरी गोल आहे. ते बिस्कीट आहे असं काही लोक म्हणू लागले, तेव्हा तो बिल्ला आहे असं ठामपणे सांगून आम्ही त्या लोकांपासून फुटून निघालो. आमचं मंडळ त्या बिल्ल्यावर उभं आहे. बिस्कीटवाल्यांच्या लग्नकार्यालाही आम्ही जात नाही. आणि आता त्याच मंडळाचा सचिव कमांडरला सूप पाजून आला होता, तेही लोणी घातलेलं.

तिथल्या तिथे दोघांची सत्यशोधन उपसमिती नेमण्यात आली. अध्यक्ष स्वतः आणि सोबत एक शिंपी सदस्य, जे आमचे झगे शिवतात.

"त्यांनी चावलं?" अध्यक्षांनी विचारलं. "कोणत्या बाजूने?"

"सूप चावत नाहीत, साहेब."

"बटाटे?"

"बटाट्यांकडे माझं लक्ष नव्हतं."

"झग्यावर डाग?" शिंपी म्हणाले. "टोमॅटोचा डाग हिरव्यावर लपत नाही. मी तो झगा शिवतो, मला विचारा."

"डाग नव्हता."

"मग सूप पोटात गेलं नाही. माणूस तीन वेळा सूप पितो आणि एक थेंब सांडत नाही, हे माझ्या दुकानात तरी मी पाहिलेलं नाही."

अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि वाट काढून दिली. मी लेखी खुलासा करावा, की टेबलावरील सर्व पदार्थ मी एकट्याने खाल्ले व कमांडर केवळ सोबत म्हणून उपस्थित होते. खुलासा समाधानकारक वाटल्यास प्रकरण दप्तरी दाखल करण्यात येईल. न वाटल्यास माझं नाव बिस्कीटवाल्यांना कळवण्यात येईल. मी सही केली. सहीची मला सवयच आहे.

खुलासा मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडला. त्या ग्रुपवर माझी बायकोही आहे, कारण वार्षिक सभेला चहा कुणी करायचा हे कळवायला वहिनी ग्रुपवर असलेल्या बऱ्या, असं सर्वानुमते ठरलं होतं.

मी घरी पोचलो तेव्हा ती फोन हातात घेऊन बसली होती.

"सर्व पदार्थ एकट्याने," तिने वाचलं. "दोन माणसांचं जेवण एकट्याने हाणलंत, आणि माझ्यासाठी बांधून आणायचं सुचलं नाही?"

"अगं, मी काहीच खाल्लं नाही. सगळं कमांडरने खाल्लं! शपथ!"

"मग हे ग्रुपवर लिहा."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी अवस्था झाली. घरी निर्दोष ठरायचं तर कमांडर जेवलेला हवा, आणि मंडळात निर्दोष ठरायचं तर उपाशी. माझ्या आईला फोन करून सल्ला विचारला. ती म्हणाली, "स्वप्नात का होईना, पोटभर जेवलास ना? मग झालं तर." आईच्या दृष्टीने प्रकरण तिथेच निकाली निघालं.

आता एकच मार्ग उरला होता: ते हॉटेल शोधणं. शुक्रवारी मी रजा टाकली आणि शहरातली हॉटेलं पालथी घातली. एकाची खिडकी होती तर टेबल नव्हतं, एकाचं टेबल होतं तर खिडकीतून दुसऱ्या हॉटेलचं स्वयंपाकघर दिसत होतं. शेवटी एका मॅनेजरने माझं वर्णन मन लावून ऐकलं आणि हात जोडले.

"ते आमचंच हॉटेल, साहेब."

"पण मी इथे याआधी कधी आलेलो नाही."

"म्हणूनच स्वप्न पडलं. जे येऊन गेलेत त्यांना आमची स्वप्नं पडत नाहीत." मग त्याने आवाज खाली आणला. "अभिप्राय दिलात का?"

"कशाचा? स्वप्नातल्या जेवणाचा?"

"साहेब, आम्हाला मिळणारे निम्मे अभिप्राय इथे पाऊल न टाकलेल्या लोकांचे असतात. आपण निदान झोपेत तरी जेवून गेलात. खिडकीचं टेबल उद्यासाठी हवंय ना?"

हवंच होतं. मी त्याच्या देखत फोन काढला, पाच तारे दिले आणि लिहिलं, 'सूप उत्तम. सोबतच्या पाहुण्यांनी पुन्हा पुन्हा मागवलं.' जे आठवलं ते प्रामाणिकपणे लिहिलं. प्रामाणिकपणा हा किती महागडा शौक आहे हे मला खात्यात इतकी वर्षं काढूनही कळलेलं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी बायको तयार झाली. तिने बॅगही भरून दाराशी ठेवली. मी बॅगेकडे पाहिलं तेव्हा म्हणाली, "बघू कसं होतंय जेवण. नाहीतर तिथूनच परस्पर जाईन." बॅग रिक्षात आमच्या दोघांच्या मधे बसून आली.

खिडकीजवळचं टेबल खरंच छान होतं. तिने बाहेर पाहिलं, मेनू उघडला आणि तिचा चेहरा जरा सैल पडला. वेटरला बोलावून ती काहीतरी सांगू लागली. मी म्हटलं, निभावलं. तेवढ्यात दारातून अध्यक्ष आणि शिंपी आत आले. शिंप्यांच्या गळ्यात टेप होती.

"आपला अभिप्राय उपसमितीच्या वाचनात आला," अध्यक्ष म्हणाले. "खुलाशाशी तो विसंगत आहे. सबब स्थळपाहणी करणं भाग आहे. नमस्कार वहिनी, तुमचं चालू द्या."

"कमांडर कुठल्या खुर्चीत होते?" शिंप्यांनी विचारलं. मी खुर्ची दाखवली. तिच्यात कुणी बसू नये असा आदेश झाला, म्हणून दोघं उभेच राहिले. खुर्ची ते बशी, बशी ते तोंड अशी मापं घेण्यात आली. तोंड माझं वापरलं. शेजारच्या टेबलावरच्या लोकांनी फोटो काढले. मॅनेजर लांबून हसत होता. वेटर पदार्थ आणून ठेवत होता, बायको जेवत होती.

"डॉक्टर, आज माझ्या लग्नाचा वाढदिवस आहे हो," मी काकुळतीला आलो.

"मंडळाचाही वर्धापन दिन जवळ आलाय. शेवटचं विचारतो. कमांडर काजवा सूप प्यायला की नाही?"

मी बायकोकडे पाहिलं. तिच्या खुर्चीला टेकून बॅग उभी होती. प्यायला म्हणावं तर माझं अर्धं आयुष्य ज्या मंडळात गेलं तिथून मी बाहेर. नाही म्हणावं तर दोन माणसांचं हाणणारा मीच, आणि ती आईकडे.

बायकोने रुमालाने ओठ टिपले. "मी पण येते इथे," ती म्हणाली.

"कधी?" मी विचारलं.

"स्वप्नात. बरीच वर्षं झाली."

"मला कधी बोलली नाहीस!"

"कधी विचारलंत?"

"याच टेबलावर?"

"नाही. ते कोपऱ्यातलं. तिथून दार दिसतं."

"कुणाबरोबर येतेस?"

"एकटी."

उपसमिती पुढे सरकली. "वहिनी," अध्यक्षांचा आवाज कापत होता, "कमांडर असतात का हो तिथे?"

"असतो ना. दारात."

"दारात?"

"राखणीला उभा केलाय त्याला. माझं जेवण होईपर्यंत कुणालाही आत सोडायचं नाही, असं बजावलंय."

"आणि... काही खातात?"

"त्याला कुठली फुरसत? एक माणूस सारखा दार ठोठावत असतो. त्याला थोपवता थोपवता बिचाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो."

"कोण माणूस?" मी विचारलं.

तिने चमचा माझ्याकडे रोखला.

"मी? मला काय हवं असतं?"

"तुम्हाला स्वप्न पडलेलं असतं," बायको म्हणाली. "ते मला सांगायचं असतं."

मला हसूही येईना आणि रडूही. अध्यक्षांना मात्र गहिवरून आलं होतं. सुंठीवाचून खोकला गेला होता. 'कर्तव्यावर असताना कमांडर काजवा अन्नग्रहण करीत नाहीत, हे प्रत्यक्षदर्शी पुराव्याने सिद्ध झाले आहे,' असा ठराव त्यांनी उभ्याउभ्या मांडला, शिंप्यांनी अनुमोदन दिलं. माझ्यावरचा ठपका मागे घेण्यात आला. वहिनींना मंडळाचं मानद सदस्यत्व देण्यात आलं आणि वर्धापन दिनाचा चहाही त्यांच्याकडेच राहील असं ठरलं. टाळ्या झाल्या. शेजारच्या टेबलांनीही वाजवल्या.

ती आईकडे गेली नाही. का गेली नाही ते तिने सांगितलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही, कारण आमच्या घरात विचारण्याची पद्धत नाही. ती घरी आली, पडली आणि लगेच झोपली. झोपेत तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं. तेवढा वेळ मी कुठलंही दार ठोठावलं नाही.

तुम्ही हे सगळं वाचलंत. कमांडर प्यायला की नाही, यावर तुमचं मत बनलं असेल. माझ्या स्वप्नात काय काय वाढलं होतं तेही तुम्ही आता न अडखळता सांगाल. माझी थोडीफार कीवही केली असेल, आणि आपण काही या माणसासारखे नाही, असं मनाशी म्हणून मोकळे झाला असाल.

मग एवढंच सांगा. शनिवारी ती बाई तुमच्या डोळ्यांदेखत पोटभर जेवली. काय जेवली?